घरच्या घरी त्रिनिदादचा बेक अँड शार्क

खलबत्ता (धागाकर्ती)

कॅरिबियनमधील त्रिनिदाद बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर मराकस बे नावाचा समुद्रकिनारा आहे. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनहून डोंगर ओलांडून तिकडे जाणारा रस्ता दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराने बांधला, कारण शहरातील लोकांचे नेहमीचे शागारामासचे किनारे लष्करी तळासाठी बंद झाले होते. आज सुटीच्या दिवशी त्या वळणावळणाच्या रस्त्यावर जी गाड्यांची रांग लागते, तिच्यातील निम्मे लोक पोहायला आणि उरलेले बेक अँड शार्क खायला निघालेले असतात, असे म्हटले तरी कोणी फारसा आक्षेप घेणार नाही. किनाऱ्यावर अनेक टपऱ्या आहेत आणि त्यांत रिचर्ड्सचे नाव सर्वांत जास्त ऐकू येते. नोकरीनिमित्त पोर्ट ऑफ स्पेनमध्ये राहत असताना हा पदार्थ मी भरपूर खाल्ला आणि तिथल्या शेजारणींकडून शिकूनही घेतला. इथे बऱ्याच जणांनी विचारल्यामुळे कृती सविस्तर लिहीत आहे.

नावात ‘बेक’ असले तरी ही भाकरी भट्टीत भाजलेली नसते, ती कढईत तळलेली असते. मैद्याच्या जाडसर लाटीला तेलात सोडून टम्म फुगवायचे, कडेने चिरून तिचा खिसा करायचा आणि त्यात मसाल्यात मुरवून तळलेला मासा भरायचा, एवढाच मूळ पदार्थ आहे. पुढचे काम खाणाऱ्याचे असते. टपरीच्या बाजूला लांब टेबलावर कोबी-गाजराचे कोलस्लॉ, लेट्यूस, टोमॅटो, काकडी, अननसाच्या चकत्या, चिंचेची आंबटगोड चटणी, लसणीचा पांढरा सॉस, मोहरीचा सॉस, तिखटजाळ पेपर सॉस आणि शॅडो बेनी या कोथिंबिरीसारख्या उग्र वासाच्या पानांची हिरवी चटणी मांडलेली असते, आणि जो तो आपापल्या जिभेप्रमाणे भर घालून घेतो.

माझे मत आधीच सांगून टाकते. या पदार्थाचा प्राण बेकमध्ये आणि हिरव्या चटणीत आहे, माशात नाही. बेक हलका, आतून मऊ आणि बाहेरून किंचित कुरकुरीत झाला, तर आत सुरमई असो की रावस, खाणारा तक्रार करत नाही. बेक चिवट किंवा तेलकट झाला, तर आत कोणताही मासा घाला, तो वाचत नाही. खुद्द मराकसलाही शार्कच्या जोडीने किंगफिश, म्हणजे आपल्या सुरमईचा भाऊबंद, आणि कोळंबी असे पर्याय मिळतात. म्हणून बेकबद्दल जास्त लिहिते.

आठ बेकसाठी ३ कप (सुमारे ३७५ ग्रॅम) मैदा, दीड छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, १ छोटा चमचा बेकिंग पावडर, १ छोटा चमचा मीठ, १ मोठा चमचा साखर, दीड मोठा चमचा लोणी आणि २१० ते २३० मिलिलिटर कोमट पाणी घ्यावे. तिथे दोन पंथ आहेत. काही घरांत फक्त बेकिंग पावडर घालतात आणि अर्ध्या तासात तळायला बसतात; काही घरांत यीस्टच घालतात आणि त्या फुगीर प्रकाराला ‘फ्लोट’ म्हणतात. मी दोन्ही घालते, कारण यीस्टने चव आणि जाळी येते, तर पावडरीमुळे तेलात पडल्यावर शेवटचा उठाव मिळतो. लोणी कोरड्या मैद्यात बोटांनी चोळून घ्यावे, मग पाणी थोडे थोडे घालून पीठ मळावे. ते पोळीच्या कणकेपेक्षा सैल असायला हवे, पण हाताला चिकटून लोंबता कामा नये. सहा-सात मिनिटे नीट तिंबल्यावर ते मऊसूत होते आणि बोटाने दाबलेला खळगा हळूहळू वर येऊ लागतो. तेलाचा हात लावून, झाकून, पाऊण ते एक तास ठेवावे. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात याला अर्धा तासही पुरतो. थंडीत मात्र घाई करू नये.

पीठ फुगल्यावर त्याचे साधारण ८० ग्रॅमचे गोळे करून पंधरा मिनिटे झाकून ठेवावेत. मग प्रत्येक गोळा १२-१३ सेंटिमीटर व्यासाचा आणि अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा जाड लाटावा. लाटल्यावर पुन्हा पाच-सात मिनिटे तसाच राहू द्यावा. ही विश्रांती बरेच जण टाळतात आणि मग लाटी तेलात आकसते. तेल १७५ ते १८० अंशांवर हवे. थर्मामीटर नसेल तर पिठाचा छोटा तुकडा टाकून पाहावा. तो तळाशी क्षणभर टेकून लगेच बुडबुड्यांसह वर आला पाहिजे. टाकताक्षणी लाल झाला तर तेल जास्त तापले आहे. बेक तेलात सोडला की झाऱ्याने त्याच्या पाठीवर सतत गरम तेल उडवत राहावे. वरची बाजू ओली असतानाच तेलाची उष्णता मिळाली की आतल्या पाण्याची वाफ दोन्ही सालांच्या मध्ये कोंडते आणि बेक फुगतो. एका बाजूला मिनिट-सव्वा मिनिट, मग उलटून तितकेच. रंग फिकट सोनेरी हवा, पुरीसारखा तांबूस नको. तळलेले बेक जाळीवर उभे ठेवावेत. एकावर एक रचले तर स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात.

माशाचे काम सोपे आहे. आठ बेकना ६०० ग्रॅम घट्ट मांसाचा, बिनकाट्याचा मासा पुरतो. दीड सेंटिमीटर जाडीच्या लांबट पट्ट्या करून लिंबाच्या पाण्याने धुवाव्यात आणि पाणी निथळू द्यावे. तिथल्या प्रत्येक फ्रीजमध्ये हिरव्या वाटणाची बाटली असते. शॅडो बेनी, पातीचा कांदा, थाइम, लसूण आणि पिमेंटो नावाची सुगंधी, जवळजवळ बिनतिखट मिरची यांचे ते वाटण असते. तीन मोठे चमचे वाटण, मीठ आणि मिरपूड लावून मासा अर्धा-पाऊण तास मुरवावा, मग मीठ-मिरपूड घातलेल्या कोरड्या मैद्यात घोळवून, जास्तीचे पीठ झटकून तळावा. रवा किंवा तांदळाचे पीठ लावायचा मोह आवरावा. ते आवरण आपल्या ताटात शोभते. इथे मात्र मऊ बेकमध्ये ते खडेखडे लागते.

हिरव्या चटणीत शॅडो बेनीची वाटीभर पाने, तीन-चार लसूणपाकळ्या, तिखट मिरची, एका लिंबाचा रस, मीठ आणि वाटायला पुरेसे पाणी घालतात. ही चटणी कच्चीच असते आणि ताजीच करावी.

फोडणी

सुरेख लेख. दोन शंका आहेत. पहिली अशी की यीस्टऐवजी दही घातले तर हा भटुराच होणार नाही का? आणि दुसरी, मैद्याच्या जागी निम्मी कणीक चालेल का? घरात मैदा म्हटले की भुवया उंचावतात.

खलबत्ता

फोडणीताई, भटुरा पातळ लाटतात, त्याचे पीठ दह्याने आंबटसर आणि लवचीक होते आणि तो ताटातच फाडून खायचा असतो. बेकला कडेने चिरून त्यात ओलसर माल भरायचा असतो, त्यामुळे त्याच्या भिंती जाड आणि पावासारख्या जाळीदार असाव्या लागतात. दह्याने चव बिघडत नाही, पण खिसा कमकुवत होतो आणि चटणी खालून गळू लागते. भटुऱ्यात भरून खाल्ले म्हणून कोणी दंड करणार नाही, हेही खरे.

निम्मी कणीक घातली तर बेक फुगतो, पण दडस होतो. एक चतुर्थांश घातली तर फरक फारसा जाणवत नाही. मात्र तितकी कणीक घातल्यास पाणी दोन-तीन चमचे वाढवावे, कारण कोंडा पाणी ओढून घेतो.

दर्यावर्दी

आम्ही मालवणकडचे, त्यामुळे शार्क हा शब्द वाचून दचकलो नाही. आमच्याकडे मोरीचे, म्हणजे शार्कचे, मटण हा पाहुण्यांसाठीचा बेत असतो आणि सोबत वडे असतात, म्हणजे तळलेल्या भाकरीबरोबर शार्क खाणे आम्हाला मुळीच नवे नाही. फरक इतकाच की आमची मोरी भाजलेल्या खोबऱ्याच्या रश्श्यात असते आणि वडे बुडवून खायचे असतात.

मोरी साफ करण्याबद्दल धाग्यात काही आलेले नाही, म्हणून लिहितो. तिची कातडी खरकागदासारखी खरखरीत असते. कडकडीत पाणी ओतून लगेच सुरीने खरवडली की ती निघते. पाणी नुसते कोमट असेल तर तासभर घासत बसावे लागते. काट्यांचा त्रास नाही, कारण मोरीला हाडे नसतात, मधोमध फक्त कूर्चेचा कणा असतो. तो काढला की दोन्ही बाजूंना स्वच्छ मांस मिळते, जे अशा सँडविचसाठी अगदी योग्य आहे. खरी परीक्षा वासाची असते. शार्कच्या रक्तामांसात युरिया भरपूर असतो, कारण समुद्राच्या खारेपणाशी शरीराचा तोल तो त्याच्याच आधारावर राखतो. मासा मेल्यावर जिवाणू या युरियापासून अमोनिया तयार करतात. म्हणून पकडल्याबरोबर रक्त काढून बर्फात ठेवलेली मोरीच घ्यावी. कल्ल्यांच्या चिरांजवळ नाक नेल्यावर झोंबणारा वास आला, तर कोळीण कितीही ओळखीची असली तरी पुढच्या टोपलीकडे वळावे. चांगल्या मोरीचे तुकडे लिंबू पिळलेल्या मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवले की उरलासुरला वासही जातो. काही जण दुधात ठेवतात, पण आमच्याकडे ती पद्धत नाही.

निरीक्षण

दर्यावर्दी, सफाईची माहिती उपयुक्त आहे, पण मासा निवडण्याआधी दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट पाऱ्याची. समुद्रातील पारा लहान माशांकडून मोठ्या माशांकडे जाताना साठत जातो आणि शार्क साखळीच्या टोकाला असल्यामुळे तिच्या मांसात तो जास्त आढळतो. अमेरिकेचा अन्न व औषध विभाग गर्भवतींना, अंगावर पाजणाऱ्या मातांना आणि लहान मुलांना शार्क टाळायला सांगतो. आपल्या किनारपट्टीवर बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरी खाऊ घालण्याची पद्धत आहे, आणि नेमका हाच गट त्या यादीत आहे.

दुसरी गोष्ट संख्येची. शार्क उशिरा वयात येते आणि मोजकीच पिल्ले देते, त्यामुळे जास्त पकडली की तिची भरपाई लवकर होत नाही. २०२२ मध्ये पनामा येथे साइट्स या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत रेक्विएम शार्कचे संपूर्ण कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण-यादीत घालण्यात आले, आणि मराकसच्या टपऱ्यांवर पूर्वीपासून खपणारी काळ्या टोकाच्या पंखांची शार्क त्याच कुळातली आहे. भारतात देवमुशीला, म्हणजे व्हेल शार्कला, २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्रिनिदादमध्येही पर्यावरणवादी मंडळी टपरीवाल्यांना आणि गिऱ्हाइकांना दुसऱ्या माशाकडे वळण्याचे आवाहन करत आली आहेत. धागाकर्तीने माशाला दुय्यम ठरवले ते मला या कारणानेही पटले.

दर्यावर्दी

मुद्दा मान्य आहे, पण एक भेद करावा. आमच्या बाजारात येणारी मुशी, म्हणजे लहान मोरी, बहुतेक हातभर लांबीची असते, आणि लहान, कमी वयाच्या माशात पारा मोठ्या शार्कपेक्षा सहसा कमी साठतो. देवमुशीला तर कोणी हातही लावत नाही. शिवाय ही मुशी दुसऱ्याच माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात येते. ती कोळ्याने समुद्रात परत टाकली तरी बहुतेक वेळा मेलेलीच असते. बाळंतिणीबद्दल मात्र तुमचे ऐकावे असे मलाही वाटते. आमच्या घरात आता त्या दिवसांत मोरीऐवजी मांदेली आणि पेडवे देतात.

खलबत्ता

दोघांचेही आभार. हातभर मुशी जाळ्यात आलेलीच असते हे खरे, पण गिऱ्हाईक वाढले की ती मुद्दाम पकडली जाऊ लागते, एवढे ध्यानात असू द्यावे. मी स्वतः इथे सुरमई किंवा घोळ घेते. सुरमईचे गोल तुकडे न करता कोळिणीकडून कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब तुकडे काढून घ्यावेत. घोळीचे मांस पांढरे, घट्ट आणि सौम्य असल्याने हिरव्या वाटणाची चव त्यात जास्त खुलते. पापलेट यासाठी वापरू नये. एक तर महाग, आणि त्याची नाजूक चव चार चटण्यांखाली गुदमरते.

गिरगावचा_गडी

बोंबील चालेल का? आमच्याकडे तो नेहमीच असतो.

खलबत्ता

चालेल, पण पाट्याखाली दाबून त्यातले पाणी पूर्ण काढावे लागेल. तरीही तो इतका मऊ राहतो की मऊ बेकमध्ये दाताखाली काही येतच नाही. तुम्ही बोंबील घेणार असाल तर माझा नियम मोडून त्याला रव्याचे आवरण द्या.

टोरांटोकर

आमच्या शहराच्या पूर्व भागात, स्कारबरोमध्ये, कॅरिबियन लोकांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे बेक अँड शार्क गाडीने वीस मिनिटांवर मिळतो. तरीही घरी करावासा वाटतो, कारण दुकानातला बेक पुष्कळदा आधी तळून ठेवलेला असतो.

शॅडो बेनीबद्दल थोडे लिहितो. ही वनस्पती आपल्या कोथिंबिरीच्या कुळातली असली तरी तिची झाडे वेगळी असतात. पाने लांबट, कडेला बारीक काटेरी दात्यांची आणि जमिनीलगत चक्राकार वाढणारी असतात. वास कोथिंबिरीच्या दिशेचा, पण कितीतरी उग्र असतो. शिजवल्यावर कोथिंबिरीचा सुगंध उडून जातो, हिचा टिकतो, म्हणूनच माशाच्या मुरवणीत ती इतकी कामाची ठरते. त्रिनिदादमधील भारतीय वंशाचे लोक हिला बनधनिया म्हणतात. परदेशात राहणाऱ्यांनी कॅरिबियन दुकान सापडले नाही तर व्हिएतनामी किंवा थाई भाजीवाल्याकडे चौकशी करावी, कारण त्यांच्याही स्वयंपाकात ही पाने लागतात. भारतात ईशान्येकडच्या राज्यांत ती बाजारात सहज दिसते. एकदा मुळासकट रोप मिळाले तर कुंडीत, अर्ध्या सावलीत, ओलसर मातीत चांगले धरते. फुलांचा दांडा दिसला की लगेच खुडावा, नाहीतर पाने राठ होतात.

जिथे काहीच मिळत नाही तिथे कोथिंबीर देठांसकट, आणि मुळे स्वच्छ मिळाली तर मुळांसकट, दुप्पट प्रमाणात घ्यावी. पुदिना घालू नये. त्याने सगळे चाटच्या गाडीकडे वळते.

फोडणी

आणि चटणीतली ती तिखट मिरची? तिथली स्कॉच बॉनेट मिरची इकडे मिळत नाही. हिरवी लवंगी घातली तर?

टोरांटोकर

तिखटपणा येईल, पण तो फळासारखा गोडसर वास येणार नाही. तिच्याच जातीची आपल्याकडची मिरची म्हणजे ईशान्येची भूत जोलोकिया. तिचा वास बराच जवळ जातो, पण तिखटपणा कित्येक पट आहे, त्यामुळे वाटीभर चटणीला नखाएवढा तुकडाही जास्त होऊ शकतो. वाटताना हातमोजे घालावेत आणि मिक्सरचे झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवावे. वासाचा आग्रह नसेल तर लवंगी मिरचीत पिकलेल्या आंब्याची किंवा पपईची एक फोड वाटून घाला. कॅरिबियन पेपर सॉसमध्ये पपई घालण्याची पद्धत मुळातच आहे.

शाकंभरी

आम्ही मासे खात नाही. बेकची कृती वाचून करावासा वाटतो, पण आत काय भरू? पनीर भरले की सगळ्याच परदेशी पदार्थांचे आपण एकच काहीतरी करून टाकतो, म्हणून तिथले लोक खरोखर काय खातात ते कळले तर बरे होईल.

खलबत्ता

शाकंभरीताई, प्रश्न आवडला. तिथल्या घरांत बेक हा मुळात न्याहारीचा पदार्थ आहे आणि शार्क ही किनाऱ्यावरची चैन. सकाळी गरम बेकमध्ये लोणी आणि चीजचा जाड तुकडा घालून खाणे अगदी रोजचे आहे. ॲव्होकाडोच्या फोडी मीठ-मिरपूड लावून भरतात. भारतीय वंशाच्या घरांत चोखा असतो. वांगे किंवा टोमॅटो विस्तवावर भाजून, सोलून, कुस्करून त्यात कच्चा कांदा आणि मिरची घालतात आणि वरून लसणीची कडकडीत फोडणी ओततात. वांग्यात चिरा पाडून लसूण आधीच खोचून भाजतात, त्यामुळे ती आतल्या आत शिजते. खानदेशी भरीत करणाऱ्या कोणालाही हा चोखा पहिल्या प्रयत्नात जमेल. त्यात शेंगदाणे मात्र घालू नका. हा चोखा बहुतेक सादा रोटीबरोबर खातात, पण बेकबरोबरही तो उत्तम लागतो. वर हिरवी चटणी आणि अननसाची चकती ठेवली की मासा नसल्याचे जाणवत नाही.

इतिहासवेडा

चोखा, बनधनिया आणि चिंचेची चटणी यांचा उल्लेख आलाच आहे म्हणून जोडतो. त्रिनिदादला पहिले भारतीय करारबद्ध मजूर ३० मे १८४५ रोजी फातेल रझाक या जहाजाने पोहोचले आणि ही भरती १९१७ मध्ये थांबली. त्यांतले बहुतेक आजच्या बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले होते आणि कलकत्त्याहून निघाले होते. त्यामुळे तिथल्या भारतीय खाण्यात मराठी वळणाचे काही सापडत नाही. सापडते ते भोजपुरी घरांतले. बेक मात्र त्यांनी नेलेला नाही. तळलेल्या पिठाची ही भाकरी थोड्याफार फरकाने सबंध इंग्रजी भाषक कॅरिबियनमध्ये आहे. जमैकात तिचे गोळीवजा तळलेले डंपलिंग होते, गयानात ती फ्लोट म्हणून ओळखली जाते, आणि बार्बाडोसमध्ये तर पातळ पीठ चमच्याने तेलात सोडून केलेल्या प्रकारालाच बेक म्हणतात. या बेटांवर गहू पिकत नाही. मैदा आणि खारवलेला कॉड मासा हे दोन्ही जहाजांतून येत. मळ्यांवरच्या गुलाम मजुरांना स्वस्तातले अन्न म्हणून खारा मासा देत असत, आणि बेकबरोबर खारा मासा ही जोडी आजही न्याहारीला टिकून आहे. मराकसचा शार्क त्या मानाने अलीकडचा.

तवा_परात

काल केला. चव छान होती, पण निम्मेच बेक फुगले आणि उरलेले चपटे राहिले. पीठ एकच, तेल एकच, मग असे का व्हावे? शिवाय दोन-तीन बेक आतून किंचित कच्चे वाटले.

खलबत्ता

पीठ एकच असूनही फरक पडला, त्याअर्थी दोष लाटण्यात किंवा तेलाच्या तापमानात असावा. कडा जाड आणि मध्य पातळ झाला, तर पातळ भाग आधी कडक होतो आणि वाफेला साल वर उचलता येत नाही. लाटताना लाटणे कडेच्या आत थांबवावे आणि लाटी फिरवत राहावे. पोळपाटावर भरपूर कोरडे पीठ वापरले तर त्याचा थर सालीवर बसतो, तेलात जळतो आणि कधीकधी साल तडकून वाफ निसटते. त्यापेक्षा तेलाचे बोट फिरवावे. लाटलेले बेक फार वेळ उघडे राहिले तरी वरची साल सुकते, म्हणून त्यांच्यावर ओलसर फडके हवे. माझा अंदाज असा आहे की तुमचे पहिले बेक फुगले आणि नंतरचे बसले. तसे असेल तर तेल थंड होत गेले. एका वेळी एक किंवा फार तर दोनच बेक सोडावेत आणि प्रत्येक घाण्यानंतर अर्धे मिनिट थांबावे.

कच्चेपणाचे कारण उलट टोकाचे आहे. तेल फार तापले की बाहेरचा रंग लवकर येतो आणि आपण बेक लगेच काढतो. चपटा राहिलेला बेक टाकू नये. तो मधून आडवा कापला तर सँडविच होतेच.

तवा_परात

बरोबर, चपटे राहिलेले नंतरचेच होते. लाटलेले बेक पंख्याखाली होते, हेही आता जुळते.

खारवी

खाऱ्या माशाचा विषय निघाला आहे तर विचारतो, तो बेकमध्ये कसा भरतात? आमच्या घरी पावसाळ्याची बेगमी म्हणून खारा बांगडा आणि खारी सुरमई असतेच.

खलबत्ता

त्या प्रकाराला बुलजोल म्हणतात. खारा मासा रात्रभर पाण्यात भिजवायचा, पाणी दोनदा बदलायचे, मग दहा मिनिटे उकळून काटे काढून बोटांनी तंतू सोडवायचे. त्यात बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, रंगीत ढोबळी मिरची, थोडी तिखट मिरची, लिंबाचा रस आणि दोन चमचे तेल घालून कालवायचे. तिथे ऑलिव्ह तेल घालतात. मीठ घालायचा प्रश्नच येत नाही. सोबत उकडलेल्या अंड्याच्या फोडी आणि ॲव्होकाडो असतो. खारी सुरमई यासाठी चांगली. खारा बांगडा तेलकट आणि वासाला तीव्र असल्याने निम्म्याच प्रमाणात घ्यावा आणि लिंबू वाढवावे. हे सारण गार असते आणि बेक गरम, त्यामुळे भरल्यावर लगेच खावे.

फोडणी

शेवटची विनंती. आमच्याकडे पुढच्या महिन्यात पंधरा-वीस माणसे जेवायला आहेत. सगळे ऐन वेळी करायचे म्हटले तर मी कढईपाशीच उभी राहीन. आदल्या दिवशी काय काय करून ठेवता येईल?

खलबत्ता

हिरवे वाटण आणि चिंचेची चटणी दोन दिवस आधी करावी. चिंचेची तर मुरल्यावर जास्त चांगली लागते. चिंचेचा कोळ, गूळ, ठेचलेला लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरची आणि मीठ घालून ती पाच मिनिटे उकळावी आणि ओघळेल इतकी पातळ ठेवावी. बेकचे पीठ आदल्या रात्री निम्म्या यीस्टमध्ये मळून झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवावे. ते सावकाश फुगते आणि चवही वाढते. डबा पिठाच्या दुपटीहून मोठा घ्यावा, नाहीतर सकाळी झाकण उघडलेले दिसते. जेवणाच्या दोन तास आधी पीठ बाहेर काढून गोळे करावेत. कोबी आणि गाजर चिरून ठेवता येते, पण मेयोनेज आणि मीठ वाढताना घालावे, कारण आधी घातले तर पाणी सुटते. शॅडो बेनीची कच्ची चटणी त्याच दिवशी करावी.

वीस माणसांना तीस बेक धरून चला, म्हणजे दिलेल्या प्रमाणाच्या चौपट पीठ. बेक पाहुणे येण्याच्या तासभर आधी तळून जाळीवर ठेवले तर १६० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच मिनिटांत पुन्हा ताजे होतात. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण न ठेवता गरम करावेत. मायक्रोवेव्हमध्ये ते रबरी होतात. मासा मात्र पाहुणे बसल्यावरच तळावा, आणि त्याला दुसरी कढई ठेवावी. माशाच्या तेलात बेक तळले तर शाकंभरीताईंसारखी मंडळी उपाशी राहतील.

शाकंभरी

कढई वेगळी ठेवायला सांगितल्याबद्दल आभार. रविवारी चोखा घालून करते आणि फोटो टाकते.